डॉ. रखमाबाई : लेकीला मिळालेली सवड

पालकबंधुभगिनींनो, मुलगी वयात आली की तिचे शिक्षण आता पुरे, असे तुमच्या मनात येत असेल, तर डॉ. रखमाबाईंचे चरित्र जरूर आठवा.

त्यांचा जन्म १८६४ साली मुंबईत झाला. आई जयंतीबाई पंधराव्या वर्षी माता आणि सतराव्या वर्षी विधवा झाल्या. रखमाबाईंचेही लग्न अकराव्या वर्षीच लागले. परंतु सावत्र वडील डॉ. सखाराम अर्जुन कोवळ्या वयातील मातृत्वाचे धोके जाणून होते. त्यांनी मुलीला सासरी धाडले नाही. त्या सवडीत ती घरीच शिकली.

१८८४ साली पतीने तिला नांदायला आणण्यासाठी दावा लावला. सासरी जावे, नाहीतर सहा महिने कैद भोगावी, असा हुकूम १८८७ साली झाला. रखमाबाईंनी तुरुंगाची तयारी ठेवली. अखेर १८८८ साली दोन हजार रुपयांवर तडजोड झाली. या खटल्याने देशभर चर्चा पेटली आणि १८९१ च्या कायद्याने संमतिवय दहावरून बारा झाले.

रखमाबाई इंग्लंडला गेल्या आणि १८९४ साली डॉक्टर झाल्या. पुढे सुरत व राजकोट येथील स्त्रियांच्या रुग्णालयांत त्यांनी सुमारे ३५ वर्षे नोकरी केली. १९५५ साली त्या निवर्तल्या.

आईला न मिळालेली सवड लेकीला मिळाली, म्हणून कितीतरी बाळंतिणींना डॉक्टरीण लाभली. मुलींनो, ही सवड हक्काने मागा. पालकहो, शाळेतून मुलीचे नाव काढण्यापूर्वी एवढा विचार अवश्य करा.