एका डॉलरचे इन्शुलिन

भैय्या चौकातील डॉ. द्वारकानाथ कोटणीसांचे स्मारक सोलापूरकरांना नवीन नाही. १९१० साली या गावात जन्मलेला हा मुलगा डॉक्टर झाला, १९३८ साली भारतीय वैद्यकीय पथकाबरोबर चीनला गेला आणि जानेवारी १९४१ मध्ये तिथल्या एका रुग्णालयाचा प्रमुख झाला. ते रुग्णालय ज्याच्या नावाने चालत होते, तो डॉ. नॉर्मन बेथ्यून कॅनडाचा. शस्त्रक्रिया करताना बोटाला झालेल्या जखमेतून विष भिनून १९३९ साली तो चीनमध्येच मरण पावला. कोटणीसांच्या कथेच्या ओघात बेथ्यूनचे नाव आपल्या कानावर पडते. पण डिसेंबर १९१६ मध्ये टोरोंटो विद्यापीठातून डॉक्टर होऊन बाहेर पडलेल्या त्याच्या वर्गात आणखी एक तरुण होता, याची आठवण सहसा कोणी काढत नाही. त्याचे नाव फ्रेडरिक बँटिंग. जगातल्या लाखो मधुमेही मुलांना ज्या औषधाने जगवले, ते इन्शुलिन पुढे याच्या नावाशी कायमचे जोडले गेले.

बँटिंगचा जन्म १४ नोव्हेंबर १८९१ चा. ही तारीख आपल्याकडे पंडित नेहरूंची जयंती, म्हणजेच बालदिन. आणि बँटिंगचा जन्मदिवस म्हणून १९९१ पासून तोच जागतिक मधुमेह दिन. मुलांचा दिवस आणि मुलांना जगवणाऱ्याचा दिवस एकच यावा, हा योगायोग मोठा बोलका आहे.

कॅनडातील ॲलिस्टन गावाजवळ शेती करणाऱ्या घरातले हे पाचवे, सर्वांत धाकटे अपत्य. अभ्यासात चमक म्हणावी अशी नव्हती. कॉलेजच्या पहिल्या वर्षात गाडी अडली, तेव्हा तो वैद्यकाकडे वळला. पहिले महायुद्ध चालू होते. पदवी हाती पडताच त्याला आघाडीवर जावे लागले. १९१८ साली फ्रान्समध्ये कँब्रेच्या लढाईत त्याचा उजवा हात जखमी झाला. त्या स्थितीतही तो जखमी सैनिकांवर उपचार करीत राहिला आणि त्याबद्दल त्याला शौर्यपदक मिळाले. परतल्यावर टोरोंटोच्या मुलांच्या रुग्णालयात त्याने शस्त्रक्रियेचे काम केले, पण तिथे कायमची जागा मिळाली नाही. मग १९२० च्या उन्हाळ्यात कॅनडातल्याच लंडन नावाच्या गावात त्याने दवाखाना थाटला. पाटी लागली, पण रोगी फिरकेना. पहिल्या महिन्याची कमाई अवघे चार डॉलर! पोटापाण्यासाठी तो तिथल्या वैद्यकीय महाविद्यालयात शिकवू लागला.

त्या काळी लहान मुलाला मधुमेह होणे म्हणजे काय, याची आज कल्पना येणे कठीण आहे. हा आजार काही नवा नव्हता. आपल्या सुश्रुताने प्रमेहाचे जन्मजात आणि अपथ्याने होणारा असे दोन प्रकार कधीच सांगून ठेवले होते. युरोपात १८८९ साली मिंकोव्स्की आणि फॉन मेरिंग यांनी कुत्र्याचे स्वादुपिंड काढून टाकले, तेव्हा कुत्र्याला मधुमेह झाला. त्यावरून या ग्रंथीत साखर आवरणारे काहीतरी असते हे कळले. पण ते वेगळे काढायचे कसे, हे कोणालाच साधेना. तोवर उपाय एकच होता, उपासमारीचा. अमेरिकेतील डॉ. ॲलन यांच्या पद्धतीने मुलांना मोजून इतके थोडे अन्न देत, की साखर वाढू नये. मूल काही महिने, फार तर एक-दोन वर्षे जास्त जगे. पण सांगाडा होऊन. आईबापांनी उपाशी लेकराला खाऊ द्यायचा नाही आणि त्याचे झिजणे बघत बसायचे, असा तो उपचार होता.

३० ऑक्टोबर १९२० ची रात्र. शिकवायच्या विषयाची तयारी करताना बँटिंगने स्वादुपिंडावरचा एक लेख वाचला. झोप येईना. पहाटे दोनच्या सुमारास त्याने वहीत चार ओळी खरडल्या. स्वादुपिंडाची नळी बांधून टाकायची, पाचकरस तयार करणारा भाग सुकू द्यायचा आणि उरलेल्या भागातून साखर आवरणारा अंश मिळवायचा, असा तो विचार होता. घाईत मधुमेहाचे इंग्रजी स्पेलिंगही चुकले. संशोधनाचा अनुभव नाही, हाती पैसा नाही, अशा या माणसाने टोरोंटो विद्यापीठाच्या प्राध्यापक मॅकलिऑड यांचे दार ठोठावले. मॅकलिऑड या विषयातले जाणकार. त्यांना फारशी आशा वाटली नाही, तरी त्यांनी प्रयोगशाळेतली जागा, काही कुत्रे आणि चार्ल्स बेस्ट नावाचा एक विद्यार्थी दिला.

मे १९२१ मध्ये काम सुरू झाले. मॅकलिऑड उन्हाळ्यात स्कॉटलंडला गेले. बँटिंगला पगार नव्हता. उकाड्यात, दुर्गंधीत, एकामागून एक कुत्रे दगावत असताना दोघे चिकटून राहिले. ३० जुलैला मधुमेही कुत्र्याला अर्क टोचला आणि त्याच्या रक्तातली साखर उतरली. वर्षाअखेरीस जेम्स कॉलिप हा रसायनशास्त्रज्ञ येऊन मिळाला. अर्क शुद्ध करणे हे त्याचे काम.

इन्शुलिन टोचताच बेशुद्ध मुलांचा अख्खा वॉर्ड एकामागून एक डोळे उघडू लागला, असे चित्र पुष्कळ ठिकाणी रंगवलेले आढळते. प्रत्यक्ष हकिकत इतकी नाट्यमय नाही, पण अधिक शिकवणारी आहे. ११ जानेवारी १९२२ रोजी टोरोंटोच्या जनरल हॉस्पिटलमध्ये लिओनार्ड थॉम्पसन या चौदा वर्षांच्या मुलाला पहिले इंजेक्शन दिले गेले. त्याचे वजन उरले होते ६५ पौंड, म्हणजे तीस किलोसुद्धा नाही. साखर थोडीशी उतरली, पण टोचल्या जागी गळू झाले. उपचार थांबवावा लागला. पहिला प्रयत्न फसला, असेच म्हणायचे. पुढचे बारा दिवस कॉलिपने अर्क शुद्ध करण्यासाठी झगडून काढले. २३ जानेवारीला नवा अर्क टोचला, तेव्हा मात्र लघवीतली साखर जवळजवळ नाहीशी झाली. मुलाच्या अंगात बळ आले. लिओनार्ड पुढे तेरा वर्षे जगला आणि १९३५ साली न्यूमोनियाने गेला.

पुढचे संकट वेगळेच होते. औषध सापडले, पण पुरेसे बनवता येईना. काही आठवडे तर कॉलिपलाही आपलीच कृती पुन्हा साधेना. बाहेर बातमी फुटली होती आणि आईबाप पत्रांमागून पत्रे पाठवीत होते. अखेर अमेरिकेतील एलाय लिली कंपनीबरोबर करार झाला आणि गुराडुकरांच्या स्वादुपिंडांपासून मोठ्या प्रमाणावर इन्शुलिन निघू लागले. ऑगस्ट १९२२ मध्ये अमेरिकेच्या परराष्ट्रमंत्र्यांची मुलगी एलिझाबेथ ह्यूज बँटिंगकडे आली. वय पंधराच्या उंबरठ्यावर, वजन ४५ पौंड. उपासावर तीन वर्षे तग धरून ती इथवर पोचली होती. इन्शुलिनवर ती सावरली, शिकली, लग्न झाले, मुले झाली आणि १९८१ पर्यंत जगली. पाच वर्षांचा टेड रायडर तर १९९३ पर्यंत जगला.

पण या यशाला भांडणाचे गालबोट लागले. श्रेय आपल्या हातून निसटते आहे, ही भीती बँटिंगला पोखरत होती. कॉलिपबरोबर प्रकरण हातघाईवर आले. मॅकलिऑडबद्दल तर त्याच्या मनात कायमची अढी बसली. १९२३ चे नोबेल बँटिंग आणि मॅकलिऑड यांना विभागून मिळाले, तेव्हा तो संतापला आणि आपल्या वाट्यातला निम्मा पैसा त्याने बेस्टला दिला. मॅकलिऑडनेही आपला वाटा कॉलिपबरोबर वाटून घेतला. रुमानियाच्या पाउलेस्कू यांनी १९२१ सालीच असे संशोधन प्रसिद्ध केले होते, ते मात्र या सन्मानाबाहेरच राहिले. बत्तीस वर्षांचा नोबेल विजेता झाला म्हणून माणूस देवमाणूस होत नाही. बँटिंगची मूळ कल्पनाही पुढे फारशी उपयोगी ठरली नाही. नळी बांधल्यावाचूनही इन्शुलिन काढता आले. पण ती कल्पना घेऊन तो दारोदार फिरला नसता, तर ते चौघे एकत्र आलेच नसते.

या भांडखोर माणसाच्या हातून एक गोष्ट मात्र निर्मळ झाली. बँटिंग, बेस्ट आणि कॉलिप यांनी इन्शुलिनच्या पेटंटचे हक्क जानेवारी १९२३ मध्ये टोरोंटो विद्यापीठाला प्रत्येकी एका डॉलरला देऊन टाकले. श्रेयासाठी हमरीतुमरीवर येणारी माणसे पैशाच्या बाबतीत इतकी सहज हात झटकून मोकळी झाली.

पुढे बँटिंगला कॅनडाने आजन्म मानधन दिले, १९३४ साली सर हा किताबही मिळाला. पण तशी झेप पुन्हा साधली नाही. संसार विस्कटला, नंतर १९३७ मध्ये दुसरे लग्न झाले. चित्रकलेत मात्र त्याचा जीव रमे. दुसऱ्या महायुद्धात तो वैमानिकांच्या आरोग्याच्या संशोधनात गुंतला. इंग्लंडला निघालेले त्याचे विमान न्यूफाउंडलंडमध्ये कोसळले आणि २१ फेब्रुवारी १९४१ रोजी, पन्नाशीही न गाठता, तो गेला. पुढल्या वर्षी, डिसेंबर १९४२ मध्ये, आपले कोटणीस बत्तिसाव्या वर्षी चीनमध्ये गेले.

आज इन्शुलिनसाठी जनावरांचे स्वादुपिंड लागत नाही. १९८२ पासून जीवाणूंकडून बनवलेले मानवी इन्शुलिन बाजारात आले. पण मूळ गोष्ट बदललेली नाही: इन्शुलिनने मधुमेह बरा होत नाही, मूल जगते. या मुलांच्या शरीरातली प्रतिकारशक्तीच स्वादुपिंडातल्या इन्शुलिन बनवणाऱ्या पेशी मारून टाकते. गोड खाल्ल्याने हे होत नाही, आईच्या चुकीने होत नाही. म्हणून कोणाच्या सांगण्यावरून काढा, भस्म किंवा अंगारा सुरू करून इंजेक्शन बंद केले, तर ते मूल काही दिवसांत १९२१ सालात परत जाते.

आपल्या भागात आणखी एक अडचण आहे, ती उन्हाची. वैशाखात पारा चाळिशीच्या वर जातो आणि इन्शुलिनला तर थंडावा हवा. घरात फ्रीज नसेल किंवा वीज गेलेली असेल, तर माठात किंवा ओल्या वाळूत ठेवलेल्या मडक्यात, पाणी लागणार नाही अशी बांधून ती बाटली ठेवतात. त्या मडक्यातली बाटली संपली आणि दुसरी आणायला पैसे नसले, तर शंभर वर्षांपूर्वीच्या त्या शोधाचा त्या घराला काही उपयोग नाही. एक डॉलर घेऊन हक्क सोडणाऱ्यांना हे औषध कुणाच्या कुवतीबाहेर जावे, असे नक्कीच वाटत नव्हते. पुढच्या १४ नोव्हेंबरला शाळाशाळांतून मुलांना खाऊ वाटला जाईल, तेव्हा रांगेतल्या एखाद्या मुलाच्या दप्तरात इन्शुलिनची सुई असेल. त्याला घरची बाटली कधी संपू नये, एवढी तजवीज आपण केली, तर बालदिन आणि बँटिंगचा जन्मदिवस दोन्ही एकदमच साजरे होतील.