बहिणाबाई चौधरी

बहिणाबाई नथूजी चौधरी (जन्म : असोदे, जि. जळगाव, १८८०; मृत्यू : जळगाव, ३ डिसेंबर १९५१) या लेवा गणबोलीत काव्यरचना करणाऱ्या मराठी कवयित्री होत्या. त्यांना अक्षरओळख नव्हती. त्यांची गाणी मुलाने व एका नातेवाईकाने कागदावर उतरवली, आणि त्यांच्या निधनानंतर ती ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली.

जन्म आणि माहेर

बहिणाबाईंचा जन्म असोदे (असोदा) या गावी, महाजन कुटुंबात, नागपंचमीच्या दिवशी झाला असे मानले जाते. अनेक पुस्तकांत २४ ऑगस्ट १८८० ही तारीख छापलेली आढळते. मात्र तो दिवस कृष्ण पक्षात येतो आणि नागपंचमी ही श्रावण शुद्ध पंचमी होय. म्हणून ११ ऑगस्ट १८८० ही दुसरी प्रचलित तारीख तिथीशी अधिक जुळते. वडिलांचे नाव उखाजी आणि आईचे भीमाई. घमा, गना, घना हे तीन भाऊ आणि अहिल्या, सीता, तुळसा या तीन बहिणी.

असोदे हे जळगाव शहराजवळचे, काळ्या कसदार जमिनीचे गाव आहे. खानदेशात त्याचे नाव भरिताच्या वांग्यांसाठीही घेतले जाते. गावाकडची वाट आणि माहेरची ओढ हे विषय बहिणाबाईंच्या गाण्यांत पुन्हा पुन्हा येतात.

विवाह आणि वैधव्य

वयाच्या १३व्या वर्षी जळगावच्या नथूजी खंडेराव चौधरी यांच्याशी त्यांचा विवाह झाला. काशी ही मुलगी आणि ओंकार व सोपानदेव हे दोन मुलगे अशी त्यांना तीन अपत्ये झाली. तिशीच्या सुमारास त्यांना वैधव्य आले. पुढे प्लेगच्या आजारातून ओंकार वाचला, परंतु त्याला कायमचे अपंगत्व आले. शेतातली राबणूक, घरातले दळणकांडण आणि मुलांचे संगोपन हे सारे त्यांनी या परिस्थितीत निभावले. त्यांची गाणी मुख्यतः या कामांच्या ओघातच, जात्यावर किंवा शेतात, रचली गेली. दुःखाचा उल्लेख त्यांत आहे, पण तक्रारीचा सूर क्वचितच लागतो. वैधव्यावरील रचनेतही मनाला सावरण्याचाच प्रयत्न दिसतो.

काव्यातील झाडेझुडपे

पेरणी, कापणी, मळणी, मोट, सुगरणीचा खोपा या विषयांवरील त्यांच्या रचना शालेय पुस्तकांमुळे सर्वपरिचित आहेत. त्यामानाने त्यांच्या काव्यातील रानफळांकडे आणि कुंपणावरच्या झुडपांकडे अभ्यासकांचे लक्ष कमी गेले आहे. वास्तविक ‘संसार’ या त्यांच्या सर्वांत प्रसिद्ध कवितेचा अर्थ ही झाडे ओळखल्याशिवाय पुरता कळत नाही.

त्या कवितेत सागरगोटा येतो. हे देशी, काटेरी, वेलीसारखे पसरणारे झुडूप आहे आणि ते शेताच्या कुंपणाला लावतात. त्याच्या शेंगेवर काटे दाट असतात. आत मात्र राखाडी, गुळगुळीत आणि दगडासारख्या कठीण अशा एक-दोन बिया असतात. याच बियांनी मुली सागरगोटे खेळत. परसात हे झुडूप वाढवायचे झाल्यास बीचे कवच एका बाजूने घासून ती पाण्यात भिजवावी लागते. एरवी ती दीर्घकाळ रुजत नाही.

दुसरे झाड भिलाव्याचे, म्हणजे बिब्ब्याचे. बिब्ब्याचे तेल अंगाला लागले तर फोड येतात. म्हणून हे झाड अंगणात, मुलांच्या वावराच्या जागी लावू नये. परंतु बिब्ब्याला जोडून येणारा नारिंगी, गरदार भाग पिकल्यावर खातात, आणि कवचाच्या आतील गोडंबी तर पौष्टिक मेवा म्हणून लाडवांत घालतात. एकाच फळात जाळणारे तेल आणि गोड मगज असतात, हे ज्याने पाहिले आहे त्याला संसाराशी घातलेली सांगड वेगळी समजावून सांगावी लागत नाही. तीच गोष्ट निंबोळीची. कच्ची असताना कडू आणि मृगाच्या आगेमागे पिकल्यावर गोडसर होणारी ही फळे बहिणाबाईंनी बोलण्यातल्या कडूपणाच्या संदर्भात आणली आहेत. वडाची लाल फळेही त्यांच्या नजरेतून सुटलेली नाहीत. हिरव्या पानांतली ती फळे पाहून त्यांना पोपट आठवले.

या प्रतिमा ग्रंथांतून घेतलेल्या नाहीत. बांधावर, पाणंदीत रोज दिसणाऱ्या झाडांच्या गुणदोषांचे ते अचूक निरीक्षण आहे. रुईकाटे तोडून सिमेंटचे खांब आणि तारा आल्यापासून सागरगोट्याची कुंपणे दुर्मीळ झाली, आणि विद्यार्थ्यांना आता कवितेबरोबर झुडूपही दाखवावे लागते.

भाषा

लेवा गणबोलीत ‘ळ’च्या जागी बहुधा ‘य’ येतो (फळ – फय, डोळा – डोया) आणि ‘ला’ या प्रत्ययाऐवजी ‘ले’ वापरतात. हे दोन नियम ध्यानात ठेवले की बहिणाबाईंची भाषा परजिल्ह्यातील वाचकालाही फारशी अडत नाही. त्या बहुधा ओवीच्या चालीवर रचना करीत.

गाण्यांचे प्रकाशन

सोपानदेव चौधरी (१९०७–१९८२) पुढे स्वतः कवी म्हणून नावारूपाला आले. त्यांनी आणि आप्त पितांबर चौधरी यांनी वेळोवेळी टिपून ठेवल्यामुळेच ही गाणी आज उपलब्ध आहेत. ज्या वेळी जवळ लिहिणारे कोणी नव्हते, त्या वेळची गाणी हवेतच विरली. बहिणाबाईंच्या निधनानंतर सोपानदेवांनी ते हस्तलिखित आचार्य प्र. के. अत्रे यांना दाखवले. अत्रे यांनी ही कविता प्रकाशात आणण्याचा आग्रह धरला आणि त्यांच्या प्रस्तावनेसह १९५२ मध्ये ‘बहिणाबाईंची गाणी’ हा संग्रह प्रसिद्ध झाला. स्वतःच्या नावाचे पुस्तक बहिणाबाईंना पाहता आले नाही.

‘मानिनी’ (१९६१) या चित्रपटातून त्यांची गाणी घरोघरी पोहोचली. जळगावच्या जुन्या भागातील चौधरी वाड्यात त्यांच्या वापरातील वस्तूंचे स्मृतिसंग्रहालय आहे. १९९० मध्ये स्थापन झालेल्या जळगाव येथील उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाला २०१८ मध्ये त्यांचे नाव देण्यात आले.