लुई पाश्चर : उजवे आणि डावे स्फटिक

पाश्चर हे नाव तुम्हांला पाश्चरीकृत दुधामुळे किंवा पिसाळलेल्या कुत्र्याच्या दंशावरील लसीमुळे परिचित असेल. त्यांच्या संशोधनाचा आरंभ मात्र जंतूंपासून झाला नाही, तर स्फटिकांपासून झाला. येथे आपल्याला मुख्यतः तेवढाच भाग पाहावयाचा आहे.

27 डिसेंबर 1822 रोजी फ्रान्समधील दोल या गावी, कातडी कमावणाऱ्या कुटुंबात त्यांचा जन्म झाला. लहानपणी ते चित्रे उत्तम काढीत. पुढे पॅरिसच्या विख्यात अध्यापक विद्यालयाची प्रवेशपरीक्षा ते उत्तीर्ण झाले. पण क्रमांक मनासारखा न आल्याने प्रवेश नाकारून 1843 मध्ये त्यांनी ती पुन्हा दिली. नोकरी-संसार सांभाळून परीक्षेस बसणाऱ्या तुम्हांला या हट्टाची किंमत निराळी सांगावयास नको.

तुमच्या घरी आमटीत पडणाऱ्या चिंचेत टार्टारिक अम्ल असते. द्राक्षमद्याच्या पिंपांतील साक्यातूनही ते मिळे. त्याचे द्रावण ध्रुवित प्रकाशाची पातळी उजवीकडे वळवी. परंतु त्याच घटकांचे, त्याच प्रमाणाचे दुसरे एक अम्ल प्रकाश मुळीच वळवीत नसे. हे कोडे मोठमोठ्या रसायनशास्त्रज्ञांनाही सुटले नव्हते. 1848 मध्ये पंचवीस वर्षांच्या पाश्चर यांनी या दुसऱ्या अम्लाच्या क्षाराचे स्फटिक निरखले. काहींचा लहानसा तिरपा पैलू उजवीकडे होता, काहींचा डावीकडे. आरशातील प्रतिमेसारखी ही जोडी होती. त्यांनी एकेक स्फटिक हाताने निवडून दोन ढीग केले. एका ढिगाच्या द्रावणाने प्रकाश उजवीकडे वळला, दुसऱ्याच्या द्रावणाने डावीकडे. समभाग मिसळताच परिणाम शून्य झाला. चित्रकाराची नजर येथे कामी आली, असे मानावयास जागा आहे.

नशिबाचीही साथ होती. हे वेगळे स्फटिक सुमारे 27 अंश सेल्सिअसच्या खालीच तयार होतात. यवतमाळच्या वैशाखात हाच प्रयोग मांडला असता, तर दोन्ही रूपे एकाच स्फटिकात बांधली गेली असती आणि निवडण्यास काही उरलेच नसते.

चौऱ्याहत्तर वर्षांच्या बियो या शास्त्रज्ञांचा यावर विश्वास बसेना. त्यांनी सारा प्रयोग स्वतःच्या देखरेखीखाली पुन्हा करवून घेतला आणि मग ते या तरुणाचे पाठीराखे झाले. त्याच मे महिन्यात पाश्चर यांच्या मातोश्री निवर्तल्या.

हाताने निवडणे नेहमी शक्य नसते. म्हणून 1853 मध्ये त्यांनी सिंकोनाच्या सालीतून मिळणाऱ्या अल्कधर्मी द्रव्यांचा उपयोग केला. ही द्रव्ये स्वतःच एका बाजूची असल्याने दोन्ही रूपांशी त्यांचे सारखे जमत नाही. उजवी चप्पल डाव्या पायाला जशी अडते, तसेच हे. आजच्या औषध-विश्लेषणाच्या प्रयोगशाळेत हेच तत्त्व वापरले जाते. नळीत एका बाजूचा पदार्थ भरून त्यातून औषधाचे द्रावण दाबाने सोडतात. एक रूप लवकर बाहेर पडते, दुसरे रेंगाळते. ऑफ्लॉक्सासिन हे दोन्ही रूपांचे मिश्रण, तर लिव्होफ्लॉक्सासिन हे त्यातील डावे, जंतूंवर अधिक प्रभावी रूप. दोन्ही नावे तुम्ही औषधांच्या दुकानात ऐकली असतील.

पुढे एक बुरशी उजवे टार्टारिक अम्ल खाऊन डावे तसेच ठेवते, हे त्यांना आढळले आणि स्फटिकांकडून ते सजीवांकडे वळले. तीन मुली त्यांनी गमावल्या. 1868 मध्ये पक्षाघाताने डावे अंग अधू झाले. तरीही कोंबड्यांचा कॉलरा, काळपुळी आणि अलर्क रोगावरील त्यांचे मोठे काम यानंतरचेच. 28 सप्टेंबर 1895 रोजी त्यांचे निधन झाले.