मौलाना शौकत अली आणि कागदावर राहिलेले ठराव

सप्टेंबर २०२५ मध्ये ब्रिटन, फ्रान्स, कॅनडा, ऑस्ट्रेलिया यांनी फिलिस्तीनला राष्ट्र म्हणून मान्यता दिली. बरं वाटलं, नाही कशाला म्हणा. पण पुढे काय, हा प्रश्न आला की आम्हाला मौलाना शौकत अली आठवतात.

जन्म रामपूरचा, १८७३ चा. अलीगढला शिकले, तिथल्या क्रिकेट संघाचे कप्तान होते. मग सरकारच्या अफू खात्यात नोकरी. ती सोडून कौमच्या कामाला लागले. पहिल्या महायुद्धात धाकटे भाऊ मौलाना मुहम्मद अली जौहर यांच्यासोबत छिंदवाड्यात नजरकैद भोगली, १९२१ च्या कराची खटल्यात दोन वर्षांची सजा झाली. या भावांच्या वालिदा बी अम्मां याही चळवळीत उतरल्या होत्या. मुंबईत भायखळ्याचं खिलाफत हाऊस म्हणजे शौकत अलींचा ठिय्या.

४ जानेवारी १९३१ ला मुहम्मद अलींचा लंडनमध्ये इंतिकाल झाला. शौकत अली जनाजा घेऊन थेट बैतुल मुकद्दसला गेले. २३ जानेवारीला, जुम्याच्या दिवशी, हरमच्या आवाराला लागून दफन झालं. तेव्हापासून फिलिस्तीनचा प्रश्न मौलानांसाठी घरचाच झाला.

त्याच वर्षी नोव्हेंबरात फ्रान्समधल्या नीस शहरात निजामाच्या दोन शहजाद्यांचे निकाह उस्मानी घराण्यातल्या दुर्रेशहवार आणि निलोफर यांच्याशी झाले. हे नातं जुळवण्यात मौलानांचा हात होता. आपलं छत्रपती संभाजीनगर, म्हणजे तेव्हाचं औरंगाबाद, निजामाच्याच राज्यात होतं. निकाहानंतर महिनाभरात मौलाना पुन्हा बैतुल मुकद्दसला हजर! मुफ्ती अमीन अल-हुसैनी यांच्या सोबतीनं त्यांनी जागतिक इस्लामी परिषद भरवली. वीसहून अधिक देशांतले लोक आले, अल्लामा इक्बालही आले. ठराव जोरदार झाले : अक्साच्या नावानं विद्यापीठ काढायचं, अरब शेतकऱ्यांच्या जमिनी विकल्या जाऊ नयेत म्हणून कंपनी काढायची.

पण झालं काय? जगभर मंदी होती. १९३३ मध्ये मुफ्तीसाहेब स्वतः हिंदुस्थानात चंद्यासाठी फिरले, हैदराबादलाही गेले. लागत होता तेवढा पैसा काही जमला नाही. विद्यापीठ उभं राहिलं नाही, जमिनी हातातून जातच राहिल्या. १९३६ मध्ये तिथे बंड पेटलं, इंग्रजांनी ते चिरडलं. ते शमण्याआधीच, नोव्हेंबर १९३८ मध्ये, मौलाना दिल्लीत वारले. जामा मस्जिदीजवळ त्यांची कबर आहे. शेवटच्या वर्षांतलं त्यांचं राजकारण आम्हाला सगळंच पटतं असं नाही, पण अक्सासाठीची धडपड खरी होती.

आज पैसा कमी नाही, सत्ताही आहे, म्हणून सबब चालणार नाही. भारतानं फिलिस्तीनला १९८८ मध्येच मान्यता दिली. तरी जून २०२५ मध्ये गाझातल्या युद्धबंदीच्या ठरावावर आपण संयुक्त राष्ट्रांत तटस्थ राहिलो आणि इस्रायलशी शस्त्रांचा व्यवहार चालूच आहे. ज्या देशांनी आत्ता मान्यता दिली, त्यांनी बळकावलेल्या जमिनीवरच्या वसाहतींतला माल बंद करावा, शस्त्रं थांबवावीत. आपल्या सरकारकडेही हीच मागणी आहे, आणि ती आपापल्या खासदाराला लेखी द्यायला कुणाची परवानगी लागत नाही.