भगवानदादा : स्टंटपटांपासून ‘अलबेला’पर्यंत

भगवानदादा म्हटले की ‘अलबेला’मधला त्यांचा नाच डोळ्यांपुढे येतो. पण १९५१ साली तो चित्रपट आला तेव्हा दादा अडतीस वर्षांचे होते आणि कमी खर्चाचे स्टंटपट काढण्याची तेरा वर्षांची मेहनत त्यांच्या पाठीशी होती. ‘अलबेला’ उभा राहिला तो त्या मेहनतीवर.

भगवान आबाजी पालव यांचा जन्म १ ऑगस्ट १९१३ रोजी एका गिरणी कामगाराच्या घरात झाला. घरची गरिबी असल्याने शिक्षण फार झाले नाही. मजुरीही करावी लागली. मूकपटांच्या काळात लहानसहान भूमिका करत ते या धंद्यात शिरले आणि १९३८ मध्ये चंद्रराव कदम यांच्यासह त्यांनी ‘बहादुर किसान’ दिग्दर्शित केला.

पुढे स्टंटपटांची रांगच लागली. ६५,००० रुपयांच्या आत अख्खा चित्रपट पुरा करायचा, तर दिग्दर्शकाला सगळेच यावे लागे. दादा पटकथा बघत, नायक होत, मारामाऱ्या करत, कपडे ठरवत आणि मंडळींच्या जेवणाची व्यवस्थाही पाहत. हे चित्रपट कामगारवर्गाने उचलून धरले. प्रतिष्ठित मंडळींनी त्यांची दखल घेतली नाही. त्या काळात त्यांनी ‘वनमोहिनी’ हा तमिळ चित्रपटही दिग्दर्शित केला. या वर्षांत एक दुःखद प्रसंगही घडला. १९४२ मध्ये एका चित्रीकरणात त्यांच्या हाताची चापट जोरात बसून ललिता पवार यांच्या डोळ्याला कायमची इजा झाली.

त्याच वर्षी दादा ‘जागृती पिक्चर्स’ काढून निर्माते झाले आणि १९४७ मध्ये चेंबूरला त्यांनी स्वतःचा स्टुडिओ उभारला. सामाजिक चित्रपट काढा, असा सल्ला राज कपूर यांनी दिला आणि त्यातून ‘अलबेला’ घडला. नायिका गीता बाली, संगीत जुने मित्र सी. रामचंद्र यांचे आणि आवाज इंदूरच्या लेकीचा, लता मंगेशकर यांचा. देखणा नसलेला, जाडसर अंगाचा हा नायक सहज पावले टाकत नाचला आणि लोकांना तो आपल्यातला वाटला.

‘झमेला’ (१९५३) आणि ‘भागम भाग’ (१९५६) यांनंतर मात्र उतार लागला. किशोरकुमार यांना घेऊन सुरू केलेला ‘हंसते रहना’ पुरा झालाच नाही आणि त्यात मोठा पैसा अडकला. जुहूचा बंगला, मोटारी, स्टुडिओ, सारे एकेक करून गेले. थोड्या पैशात चित्रपट पुरा करणारा हा माणूस मोठ्या खर्चाच्या चित्रपटाने बुडाला. पण दादा काम मागायला लाजले नाहीत. इतरांच्या चित्रपटांत मिळेल ती छोटी भूमिका, कधी नाचाचे दोन-चार ठेके, हे सारे ते दादरच्या चाळीत राहून करत राहिले. ४ फेब्रुवारी २००२ रोजी त्यांचे निधन झाले.

२०१६ मध्ये त्यांच्या जीवनावर ‘एक अलबेला’ हा मराठी चित्रपट आला. त्यांचे बहुतेक स्टंटपट आज पाहायला मिळत नाहीत. ‘अलबेला’ मात्र मिळतो. घरातल्या मुलांना तो दाखवताना त्या तेरा वर्षांची गोष्टही अवश्य सांगावी.