जॉर्ज सायमन ओम

मोटारगाडींत गाणें ऐकण्याची जी यंत्रसामग्री बसवितात, तींत सबवूफर नांवाचा एक मोठा कर्णा असतो. तबल्याच्या डग्ग्यासारखे खर्जाचे स्वर काढणें हें त्याचें काम. त्याच्या पाठीवर ‘४ ओम’ किंवा ‘२ ओम’ अशीं अक्षरें छापलेलीं असतात. पुष्कळांस ‘ओम’ हें केवळ एक माप वाटतें; परंतु तें एका शाळामास्तरांचें आडनांव आहे. त्या गृहस्थांचें चरित्र विद्यार्थ्यांनीं व त्यांच्या पालकांनीं अवश्य वाचावें असें आहे, म्हणून तें आम्ही येथें थोडक्यांत देत आहों.

जॉर्ज सायमन ओम यांचा जन्म जर्मनींतील अर्लांगेन या गांवीं १६ मार्च १७८९ रोजीं झाला. वडील कुलुपें तयार करण्याचा धंदा करीत. आई एका शिंप्याची मुलगी होती. सात भावंडांपैकीं तिघेंच जगलीं, आणि जॉर्ज दहा वर्षांचा असतांना आईही वारली. वडिलांना शाळेचें शिक्षण असें फारसें मिळालें नव्हतें; पण त्यांनीं स्वतःच्या कष्टानें गणित व शास्त्र यांचें उत्तम ज्ञान मिळविलें होतें, आणि तें ते घरींच जॉर्ज व धाकटा मार्टिन या दोघां मुलांस शिकवीत. पुढें हे दोघेही नांवलौकिकास चढले. मार्टिन मोठा गणिती झाला. घरांतील शिक्षण किती दूरवर पोंचतें याचें हें उत्तम उदाहरण होय.

१८०५ सालीं जॉर्ज विश्वविद्यालयांत गेला. तेथें नाच, बिलियर्ड्‌स व बर्फावरील घसरगुंडी यांत त्याचा वेळ जाऊं लागला. कष्टाच्या पैशाची ही उधळपट्टी वडिलांस सहन झाली नाहीं. त्यांनीं त्याचें शिक्षण थांबविलें व त्यास स्वित्झर्लंडांत पाठविलें. तेथें एका शाळेंत गणित शिकवीत असतां तरुण ओम यांनीं फावल्या वेळीं मोठमोठ्या गणित्यांचे ग्रंथ स्वतःच अभ्यासिले. वडिलांचा तो कठोरपणा वायां गेला नाहीं. १८११ सालीं परत येऊन त्यांनीं अर्लांगेन येथेंच डॉक्टरची पदवी मिळविली.

पदवी मिळाली तरी दारिद्र्य सुटलें नाहीं. तुटपुंज्या वेतनाच्या नोकऱ्या करीत अखेर १८१७ सालीं ते कोलोन येथील जेझुइट विद्यालयांत गणित व पदार्थविज्ञान यांचे शिक्षक झाले. या शाळेंत पदार्थविज्ञानाचीं उपकरणें चांगलीं होतीं. शाळा सुटल्यावर ओम त्या प्रयोगशाळेंत बसत. कुलुपकाराच्या घरीं वाढल्यामुळें हत्यारें हाताळण्याची संवय होतीच. तिचा आतां उपयोग झाला.

तारेंतून विजेचा प्रवाह जातो तेव्हां तारेची लांबी वाढविल्यास तो किती कमी होतो, हा त्यांचा प्रश्न होता. १८२५ सालीं त्यांनीं पहिला निबंध छापला. पण त्यांतील नियम चुकीचा निघाला, कारण त्या काळच्या विद्युत्‌घटाचें बळ प्रयोग चालू असतांच बदलत असे. ओम यांनीं आपल्या पहिल्या उत्तरास चिकटून न राहतां प्रयोगच नव्यानें मांडला. तांबें व बिस्मथ या दोन धातूंच्या जोडांपैकीं एक उकळत्या पाण्यांत व दुसरा बर्फांत ठेवला, कीं मंद परंतु स्थिर विद्युद्दाब मिळतो. त्यावर त्यांनीं २ इंचांपासून १३० इंचांपर्यंत लांबीच्या तांब्याच्या तारा एकामागून एक जोडून पाहिल्या. या वेळीं निसर्गानें स्पष्ट उत्तर दिलें. दाब वाढला कीं प्रवाह त्याच प्रमाणांत वाढतो. मार्गांतील रोध वाढला कीं त्याच प्रमाणांत घटतो. हाच ओमचा नियम. १८२७ सालीं त्यांनीं तो ग्रंथरूपानें बर्लिन येथें प्रसिद्ध केला.

या ग्रंथानें आपणांस विश्वविद्यालयांत मानाची जागा मिळेल अशी त्यांची आशा होती. परंतु विजेचा विचार गणितानें करणें हें तेथील पुष्कळ पंडितांस रुचलें नाहीं. ग्रंथाची उपेक्षा झाली. दुखावलेल्या ओम यांनीं १८२८ सालीं कोलोनच्या जागेचा राजीनामा दिला आणि त्यानंतर कांहीं वर्षें बर्लिनमध्यें साध्या शिकवणीवर काढलीं. १८३३ सालीं त्यांना न्यूरेंबर्गच्या तंत्रविद्यालयांत जागा मिळाली. खरा सन्मान परदेशांतून आला: लंडनच्या रॉयल सोसायटीनें १८४१ सालीं त्यांना कोप्ली पदक दिलें. १८४३ सालीं त्यांनीं ध्वनीविषयींही एक सिद्धांत मांडला. मिश्र नादांतील निरनिराळे साधे स्वर आपला कान वेगळे करून ऐकतो, असा त्याचा आशय आहे. म्यूनिक विश्वविद्यालयांतील प्राध्यापकपद, ज्याची त्यांनीं तरुणपणापासून इच्छा केली होती, तें १८५२ सालीं हातीं आलें; आणि अवघ्या दोन वर्षांनीं, ६ जुलै १८५४ रोजीं, त्यांचा अंत झाला. पुढें १८८१ सालीं पॅरिस येथें जमलेल्या विद्युत्‌परिषदेनें रोधाच्या मापास त्यांचेंच नांव मान्य केलें.

आतां त्या कर्ण्याकडे पाहूं. त्याच्या आंत तांब्याच्या तारेचें वेटोळें असतें व तें चुंबकाजवळ मागेंपुढें हालतें. हालतांना तें स्वतःही उलट दाब उत्पन्न करितें. म्हणून त्याचा एकूण अडथळा स्वरागणिक बदलतो. अशा अडथळ्यास इंग्रज शास्त्रज्ञ ऑलिव्हर हेविसाइड यांनीं १८८६ सालीं इंपीडन्स हें नांव दिलें. पाठीवरील आंकडा हा त्याचा ठोकळ अंदाज होय.

समजा, ॲम्प्लिफायर २० व्होल्टांचा दाब देत आहे. ४ ओमच्या कर्ण्यांतून ५ अँपिअर प्रवाह जाईल व १०० वॅट शक्ति मिळेल. असे दोन कर्णे एकामागें एक जोडले तर रोध ८ ओम होतो व एकूण शक्ति ५० वॅटवर येते. तेच शेजारीं शेजारीं जोडले तर रोध २ ओम, प्रवाह १० अँपिअर व शक्ति २०० वॅट! हें वाचून कोणास वाटेल, रोध आणखी कमी करावा. पण तो सर्व प्रवाह ॲम्प्लिफायरला पुरवावा लागतो. ज्यावर कमींत कमी ४ ओम असें लिहिलें आहे त्यास २ ओमचा भार जोडला तर तो तापतो. मग संरक्षक योजनेनें बंद पडतो, नाहींतर आंतील भाग जळतात. दोन वाहिन्या एकत्र जोडून एकच कर्णा वाजविला तर प्रत्येक वाहिनीस अर्धाच रोध जाणवतो, हेंही ध्यानांत ठेवावें. उलट, रोध अधिक असल्यास यंत्रास अपाय नाहीं, आवाज मात्र कमी. म्हणून विकत घेण्यापूर्वीं दोहोंवरील आंकडे जुळवून पाहावे, आणि तारा आंखूड व जाड घ्याव्या. कारण तारेची लांबी रोध वाढविते हें तर ओम यांनींच मोजून दाखविलें.

विद्यार्थिमित्रहो, पंडितांनीं मान्य केला नाहीं म्हणून ओमचा नियम थांबला नाहीं. कोलोनच्या त्या खोलींत तारांनीं तो जसा पाळला तसाच आजही पाळतात. ओम यांना मान मिळण्यास आयुष्याची संध्याकाळ उजाडावी लागली. पण त्यांनीं आपलें माप मात्र कोणाच्या स्तुतीसाठीं बदललें नाहीं. पहिलें उत्तर चुकलें असतां पुन्हां मोजणें, आणि दुसरें बरोबर आलें असतां त्यास धरून राहणें, या दोन गोष्टी आपणांस साधल्या तर या थोर शिक्षकाचें स्मरण आपण योग्य रीतीनें केलें असें आम्हीं समजूं.