जमशेटजी टाटा व सह्याद्रीचे पाणी

आपल्या गांधीबागेतील कापडबाजारातून गांधीसागराकडे, म्हणजे जुन्या लोकांच्या जुम्मा तलावाकडे जाणारा रस्ता काही फार लांबचा नव्हे. याच तलावाच्या परिसरात एके काळी एम्प्रेस मिलचा भोंगा वाजे आणि हजारो कामकऱ्यांची पावले तिकडे वळत. ती गिरणी बंद पडून आता कित्येक वर्षे लोटली. परंतु ज्या पुरुषाने ती उभारली, त्यानेच पुढे आकाशातून पडणारा पाऊस साठवून त्याच्या बळावर मुंबईसारखे अफाट शहर चालविण्याचा विचार केला, ही गोष्ट आपल्यापैकी फार थोड्यांस ठाऊक असते.

जमशेटजी नसरवानजी टाटा यांचा जन्म 3 मार्च 1839 रोजी गुजराथेतील नवसारी गावी, पारशी धर्मोपदेशकांच्या घराण्यात झाला. वडील नसरवानजी यांनी कुलपरंपरा सोडून मुंबईस व्यापार आरंभिला होता. जमशेटजींचे उच्च शिक्षण मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजात झाले व ते 1858 साली पुरे झाले. पुढे व्यापाराच्या निमित्ताने ते हाँगकाँगला व इंग्लंडला गेले. अमेरिकेतील यादवी युद्ध 1865 साली संपले, कापसाचे भाव कोसळले आणि मुंबईच्या अनेक पेढ्यांबरोबर टाटांच्या पेढीवरही मोठे संकट ओढवले. त्या कठीण प्रसंगातून सावरून जमशेटजींनी 1868 साली स्वतःची पेढी काढली व लवकरच गिरणीच्या धंद्यात पाऊल टाकले.

त्या काळी गिरणी म्हटली म्हणजे मुंबई, असा लोकांचा समज होता. जमशेटजींनी मात्र नागपूर निवडले. वऱ्हाड व हिंगणघाट येथील कापूस येथून जवळ, वरोऱ्याकडील दगडी कोळसा जवळ, आणि आगगाडीही नागपुरापर्यंत येऊन पोहोचलेली. 1874 साली 15 लक्ष रुपये भांडवलाची कंपनी स्थापन झाली. जुम्मा तलावानजीकची दलदलीची जमीन भराव घालून पक्की करण्यात आली, आणि 1 जानेवारी 1877 रोजी गिरणी सुरू झाली. नागपूरच्या कोरड्या हवेत सूत वारंवार तुटे, म्हणून आत ओलावा राखणारी यंत्रे बसविण्यात आली. ती कामकऱ्यांच्या श्वासालाही सुखाची झाली. कामकऱ्यांसाठी निवृत्तिवेतनाचा निधी व अपघात झाल्यास भरपाई, या सोयी कायद्याने भाग पाडण्याच्या कितीतरी आधी येथे सुरू झाल्या.

नागपूरच्या या अनुभवाने जमशेटजींच्या मनावर एक गोष्ट ठसविली. यंत्र कितीही उत्तम असो, त्याला फिरविणारी शक्ती हाताशी नसेल तर ते लोखंडाचे ओझे होय. नागपूरला कोळसा जवळ होता. मुंबईला मात्र तो बंगालहून किंवा समुद्रापलीकडून आणावा लागे. तो महाग पडे, आणि शेकडो धुराड्यांचा धूर गरिबांच्या वस्त्यांवर पसरे. मुंबईचा कोळसा मग कोठे शोधावा? तो मुंबईच्या डोक्यावर, सह्याद्रीच्या माथ्यावर, दरसाल पडत होता. लोणावळ्याच्या परिसरात वर्षास दीडशे इंचांच्या घरात पाऊस होतो आणि हे सारे पाणी चार महिन्यांत कडे उतरून समुद्रास मिळते. अमेरिकेत नायगाऱ्याच्या पाण्याने उत्पन्न झालेली वीज 1896 साली बफलो शहरास पोहोचली होती. पण नायगारा बारमाही वाहतो. आपल्याकडे चार महिने पूर आणि आठ महिने कोरडे पात्र. तेव्हा खरा प्रश्न शक्ती मिळविण्याचा नव्हता, ती जपून ठेवण्याचा होता. वीज साठविणे कठीण, परंतु पाणी साठविता येते, आणि उंचावर साठविलेले पाणी म्हणजे साठविलेली शक्तीच होय. डेव्हिड गॉस्लिंग नावाच्या मुंबईतील वास्तुविशारदाने लोणावळ्याजवळील दऱ्यांत पाणी अडविण्याची कल्पना पुढे मांडली, तेव्हा जमशेटजींनी ती मनापासून उचलून धरली.

ही कल्पना सिद्धीस गेलेली पाहणे त्यांच्या नशिबी नव्हते. 1903 च्या डिसेंबरात विजेच्या दिव्यांनी झळकणारे ताजमहाल हॉटेल मुंबईत उघडले, तेवढे त्यांनी पाहिले. 19 मे 1904 रोजी जर्मनीतील नौहाइम येथे त्यांचे देहावसान झाले. पोलादाचा कारखाना, बंगळूरचे विज्ञानमंदिर आणि ही जलविद्युत, तिन्ही कामे त्यांच्या मागे पुरी झाली.

पुत्र दोराबजी यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी 1910 साली कंपनी स्थापिली व भांडवल आपल्या देशातच उभे केले. 8 फेब्रुवारी 1911 रोजी लोणावळ्यास कोनशिला बसविण्यात आली. लोणावळा, वळवण व शिरवटा येथे तलाव बांधले गेले. तेथले पाणी पोलादी नळांतून सुमारे 1,700 फूट खाली खोपोलीच्या वीजघरात उतरे, तेथील चाके फिरवी, आणि उत्पन्न झालेली वीज तारांवरून चाळीसांहून अधिक मैल दूर मुंबईस जाई. 1915 च्या फेब्रुवारीत ती मुंबईच्या गिरण्यांत खेळू लागली. काम करून मोकळे झालेले पाणीही वाया गेले नाही. ते पाताळगंगेच्या पात्रात जाऊन खालच्या गावांच्या उपयोगी पडले.

इतके सांगून थांबलो, तर मी तुम्हांस अर्धेच सत्य सांगितले असे होईल. जमशेटजींच्या मागे याच मार्गाने मुळशीस धरण बांधण्याचे ठरले, तेव्हा तेथील मावळ्यांची पिढ्यान्‌पिढ्यांची भातशेती, घरे व देवळे पाण्याखाली जाणार होती. 1921 साली त्यांनी सत्याग्रह केला. त्याचे नेते पांडुरंग महादेव बापट यांना सेनापती ही पदवी त्याच लढ्याने मिळाली. तो लढा यशस्वी झाला नाही. धरण झाले, 1927 साली भिऱ्याच्या वीजघरातून वीज निघाली, आणि मुंबईच्या दिव्यांखाली मुळशीच्या शेतकऱ्याचा अंधार राहिला. शक्तीची साठवण करावयाची तर कोणाची तरी भूमी लागते. तिचे मोल कोण देतो, हे विचारल्यावाचून पुढे जाणे हा अन्याय होय.

विद्यार्थिमित्रहो, जमशेटजींपुढचा प्रश्न आज तुमच्यापुढे नव्या रूपाने उभा आहे. आपल्या नागपूरच्या मेट्रोच्या स्थानकांवर सूर्यप्रकाशापासून वीज करणारे पट बसविलेले तुम्ही पाहता. उन्हाळ्यात या शहराला उन्हाची वाण नाही. परंतु सूर्य मावळल्यावर, घरोघर दिवे व पंखे चालू होतात नेमक्या त्याच वेळी, ते पट निःशक्त होतात. दिवसाची वीज रात्रीसाठी राखावी कशी? कोणी इमारतीच्या तळघरात मोठ्या बॅटऱ्या ठेवतात. कोणी जुन्या विचाराकडेच वळतात. जादा विजेने खालचे पाणी वरच्या तलावात चढवावयाचे आणि गरज पडताच पुन्हा खाली सोडावयाचे. भिऱ्यास अशी योजना चालू आहे, आणि शिरवटा व भिवपुरी येथे तशाच मोठ्या योजना उभारण्यासाठी 2023 साली राज्य सरकारशी करार झाला. शंभरांहून अधिक वर्षांपूर्वीचे तलाव आता नव्या कामास जुंपले जाणार आहेत.

गांधीसागराच्या काठावरून जाल तेव्हा क्षणभर थांबा. सुकाळात दुष्काळाची आठवण ठेवणारा आणि ज्याचे फळ आपण चाखणार नाही असे झाड लावणारा एक मनुष्य येथे वावरून गेला. त्याच्याकडून दूरदृष्टी घ्या. आणि मुळशीच्या शेतकऱ्यांकडून हे शिका, की आपल्या घरातील दिवा दुसऱ्याचे घर बुडवून पेटलेला नसावा. या दोन्ही गोष्टी ज्याच्या ठायी एकत्र येतील, तोच उद्याचा खरा अभियंता होईल.